जाळीत अडकलेलं

माझ्या दाजींनी सबंध आयुष्यात एकाच साक्षीदारावर विश्वास ठेवला, आणि तो म्हणजे गाडीच्या तोंडात अडकून मेलेला किडा. माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता. बायकोवर, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीवर, नव्हता. माझ्यावर तर नव्हताच. दूधवाल्यावर, डॉक्टरवर, पंचांगावर नव्हता, आणि गाडी किती चालली ते दाखवणाऱ्या आकड्यांवरही नव्हता. "आकडा कोणी बी फिरवी टाकस," ते म्हणायचे, "पण मरेल किडाले कोण शिकाडी?" मेलेल्या किड्याला कोण पढवून ठेवणार, या प्रश्नाला शहाद्यात कोणापाशी उत्तर नव्हतं. दाजींना जाऊन आता दीड महिना होतो आहे. मी हे सावकाश लिहितो आहे, कारण घाईघाईने लिहिलेला कुठलाही कागद त्यांनी कधी खरा मानला नाही.

दाजी एका जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर उपसायचा, दोन बोटांत धागा ओढून त्याची लांबी बघायची, आणि माल आणणारा आकाशाकडे बघत असताना हळूच विचारायचं, "पाणी कव्हय मारं?" पाणी मारल्याने कापूस वजनाला भरतो, हे सगळ्यांना ठाऊक, कधी मारलं ते फक्त दाजी सांगू शकत. तीस वर्षं हेच केल्यावर माणूस जगाकडे दुसऱ्या कुठल्या नजरेने बघणार? ताई सांगते, ते तिला बघायला आले तेव्हा त्यांनी तिचं नाव, शिक्षण, स्वयंपाक यांपैकी काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी घेताना तिच्या पदराच्या टोकाचा एक धागा ओढला, तो नखावर ठेवून उजेडात धरला आणि आमच्या वडिलांना म्हणाले, "दुकानदारनी तुम्हले सुती सांगीन दी का?" साडीत निम्मं सूत दुसरंच निघालं. वडील त्या दुकानदाराशी पुढे वर्षभर बोलले नाहीत, आणि असा माणूस मुलीला फसू देणार नाही या भरवशावर त्यांनी लग्न ठरवलं.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं त्यांनी पांढरी गाडी घेतली, आणि इतकी वर्षं कापसात अडकलेला संशय मोकळा झाला. ज्यांनी गाडीचं तोंड कधी न्याहाळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोर प्लॅस्टिकची ग्रिल असते. तिच्यामागे एसीचा कंडेन्सर, आणि त्याच्यामागे दोन बोटांची फट सोडून रेडिएटर. दोन्हींना कागदाहून पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या शेकडो पात्या असतात. त्यांतून वारा जातो म्हणून गाडी थंड राहते, आणि वाऱ्याबरोबर जे जे येतं ते तिथे अडकतं. या सगळ्या पसाऱ्याला दाजी 'जाळी' म्हणत. दर रविवारी सकाळी ती जाळी साफ करण्याचा कार्यक्रम असे. ग्रिल काढायची, पाट टाकून गाडीसमोर बसायचं, दाढीच्या जुन्या ब्रशाने एकेक ओळ वरून खाली झाडायची, वाकलेली पाती फणीच्या दातांनी सरळ करायची. फणी त्यांच्या मुलीची होती, शाळेच्या दिवसांतली, उवा काढायची. शेवटी होळीच्या पिचकारीने पाणी मारायचं. गावातल्या धुलाई सेंटरवर त्यांनी गाडी कधी नेली नाही. तिथला पाण्याचा जोर पाती वाकवतो, पाती वाकली की गाडी तापते, तापली की मिस्तरीकडे जाते, आणि धुलाईवाला नि मिस्तरी एकमेकांचे मावसभाऊ असतात, असा त्यांचा सिद्धांत होता. मी चौकशी केली होती. ते खरंच मावसभाऊ निघाले.

पण साफसफाई हे निमित्त. खरं काम वाचनाचं. जे निघेल ते वर्तमानपत्रावर पसरायचं आणि ग्रेडरचं भिंग डोळ्याला लावून गाडी कुठे कुठे गेली होती ते बघायचं. तांबडी तिखट धूळ म्हणजे नंदुरबार, मिरच्या वाळत घालतात तिथली. रुईचा तंतू म्हणजे जिनिंगचा रस्ता. उसाचं पाचट म्हणजे कारखान्याकडची बाजू. बारीक चिलटांचा काळा थर म्हणजे प्रकाशा गावचा पूल, तापीवरची चिलटं दुसरीकडे इतकी सापडत नाहीत. त्यांचा एक पुतण्या लग्नासाठी गाडी खापरला घेऊन गेला आणि "काका, साठच्या वर काटा गेला नाही" म्हणाला. दाजींनी त्याला पाटाशेजारी बसवलं आणि चिमट्यात एक पंख धरून दाखवला. "साठनी गाडीवर किडा आखा ऱ्हास. हाऊ देख. नुसता पंख उरना. शंभरना खाले नही."

मी स्वतः असाच पकडला गेलो आहे. शाळेत ग्रंथपाल होतो तेव्हा पुस्तकांच्या प्रदर्शनासाठी त्यांची गाडी घेऊन नंदुरबारला गेलो होतो. मला साखरेचा आजार. येताना एका ढाब्यावर थांबलो, दोन वेढे जिलबी खाल्ली, तोंड धुतलं, बडीशेप चघळली आणि सरळ आलो म्हणून सांगितलं. दाजी रविवारपर्यंत काही बोलले नाहीत. रविवारी हाक आली, "या, वाचनालय, बठा." ते मला वाचनालय म्हणत. वर्तमानपत्रावर शिरीषाच्या फुलाचे पाच-सहा पिवळट केसर ठेवले होते. "हे कोठे भेटनं माहीत शे? जाळीना वरना कोपरात. बॉनेटनी फटमधून पडेल शे." मग त्यांनी मला तो नियम सांगितला, जो मी आजवर विसरलो नाही. "चालती गाडी समोरून खाते, उभी गाडी वरून खाते. समजनं का? तू शिरीषखाले उभा होता. त्या रस्त्यावर शिरीष एकच, ढाब्याचा." आणि भिंग खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत, "जिलबी का फाफडा?" मी खरं सांगितलं. ते ताईला बोलले नाहीत. फक्त पुढचे सहा महिने माझ्या चहात साखर पडते आहे का, ते स्वतः बघत राहिले.

त्या घरात दाजींखेरीज जाळी वाचू शकणारं एकच माणूस होतं, त्यांची एकुलती मुलगी मयूरी. कॉलेजात असल्यापासून ती रविवारी शेजारी पाट टाकून बसे. तिची नजर त्यांच्याहून तीक्ष्ण होती. ते 'माशी' म्हणत तिथे ती 'मधमाशी, आणि केळीच्या बागेकडची नाही' म्हणे, आणि दाजी मान डोलावत. त्यांनी कोणाचं म्हणणं पुरावा न मागता मान्य केलेलं मी एवढंच पाहिलं.

लोणखेड्याला तिचं बी.एड. झालं त्या वर्षी, आश्विनात, ती कागदपत्रांच्या कामासाठी म्हणून गाडी घेऊन नंदुरबारला गेली. संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, आणि दाजी नुसते गाडीजवळून जाताना थबकले. जाळी स्वच्छ होती. गुरुवारी जाळी स्वच्छ! ते पाट न घेताच खाली बसले. बराच वेळ शोधल्यावर अगदी खालच्या कोपऱ्यात त्यांना नखाएवढा तुकडा सापडला, सागाच्या पानाचा. पावसाळा सरताना डोंगरातल्या सागाला कीड लागते, पानाचा हिरवा भाग ती खाऊन टाकते आणि नुसत्या शिरांची नक्षी उरते. तो तसलाच तुकडा होता. त्यांनी मयूरीला बोलावलं. "नंदुरबारना रस्तावर माले एक साग दखाड."

ती खोटं बोलली नाही. धडगावच्याही पुढे सातपुड्यात एका गावी गेले होते म्हणाली. लोणखेड्याला तिच्या वर्गात असलेल्या एका पावरा आदिवासी मुलाचं घर होतं ते. दोघं शिक्षक होणार होते आणि लग्न करणार होते. ताई रडू लागली. दाजी त्या तुकड्याकडेच बघत होते. ते एवढंच म्हणाले, "लगीन ऱ्हाऊ दे. तू जाळी पुसी टाकी." लग्नाहून पुसून टाकलेली जाळी त्यांना जास्त लागली होती. त्या रागामागे जात नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. जातीचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मीही समोर बसून विचारलं नाही, याची मला अजून लाज वाटते. लग्न नोंदणी पद्धतीने झालं. साक्षीदार म्हणून मी होतो. परत आलो तेव्हा दाजींनी माझ्या अंगठ्याची शाई पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, जे दिसलं त्याबद्दल काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून ओट्यावरची त्यांची खुर्ची फिरली. सातपुडा शहाद्याच्या उत्तरेला. खुर्चीची पाठ उत्तरेला आली ती सहा वर्षं तशीच राहिली. दारातली गाडीसुद्धा ते तोंड दक्षिणेला करून लावत. कोणी ओळखीचा चुकून धडगावचं नाव काढू लागला की त्यांना पाणी हवं असे, औषध हवं असे, उठून आत जायचं असे. मयूरी आता नवऱ्याच्या गावच्या शाळेत शिकवत होती; ताईला फोन करी, मला करी. घरी मात्र आली नाही. "त्यांनी बोलावलं तर येईन," म्हणे. दोघांचा स्वभाव एकाच कापसाचा.

त्याच काळात दाजी अचानक देवभोळे झाले. महिन्यातून एखाद्या सोमवारी सकाळी एकटेच गाडी घेऊन प्रकाशाला महादेवाच्या दर्शनाला जात. आयुष्यात ज्यांनी उदबत्तीची काडी मोजून घेतली, त्यांना हे वेड कसं लागलं याचं आम्हाला नवल वाटे. ताई विचारी, "परसाद कोठे शे?" तर "गुरव नव्हता." पुढच्या वेळी "गर्दी होती." आल्याआल्या, जेवणही न करता, ते जाळी साफ करायला बसत, रविवारची वाट बघत नसत, आणि त्या वेळी कोणाला जवळ फिरकू देत नसत. एकदा मी वर्तमानपत्र परत न्यायला गेलो तेव्हा त्यांनी ब्रशाखालचा कचरा चटकन मुठीत घेतला. मला तेवढ्यातही एक गोष्ट खटकली. तापीच्या पुलावरची चिलटं त्यात नव्हती. पण त्या घरात संशय घेण्याचा अधिकार एकालाच होता. मी वर्तमानपत्र घेऊन आत गेलो.

चैत्र सरता सरता, ओट्यावर, त्याच खुर्चीत ते गेले. चहाचा कप अर्धा होता. ताई म्हणते, शेवटचं वाक्य "दूध पाणी मारेल शे" हे होतं.

मयूरी आली. नवराही आला, घरच्या माणसासारखा पाण्याच्या घागरी उचलत राहिला. तेराव्या दिवशी गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले, तोही पुढे गेला. दुपारी मयूरी माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, एक विचारते. बाबांनी सहा वर्षांत माझं नाव कधी घेतलं?"

मी म्हणालो, "रोज आठवण काढायचे गं."

तिने माझ्याकडे बघितलं. ही नजर मी ओळखत होतो. "रोज म्हणजे? शेवटचं कधी? कोण होतं समोर? काय शब्द होते?"

मी काहीतरी जुळवू लागलो. ती हळूच म्हणाली, "मामा, पाणी मारू नका."

"मला गोड नकोय," ती म्हणाली. "नसेल घेतलं तर नसेल. त्याच्यासकट जगता येईल मला. पण कोणी मन राखायला सांगितलं तर मी जन्मभर तेच तपासत बसेन." मी मान खाली घातली, कारण खरं तेच होतं. त्यांनी तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी तिला डोंगरातल्या तिच्या गावी पोचवायला निघालो, दाजींचीच गाडी घेऊन. धडगावच्या वाटेवरचं म्हसावद येईतो गाडी तापून काटा वर चढला. मयूरीने उतरून बॉनेट उघडलं, ग्रिलमधून वाकून बघितलं. "जाळी तर आरशासारखी आहे. मग तापते कशी?" रस्त्याकडेला एक गॅरेज होतं. मिस्तरी हात पुसत आला, गाडीकडे बघून म्हणाला, "हाई तर बाबानी गाडी. बाबा कोठे शेतस?"

"कोणते बाबा?" मयूरीने विचारलं.

"पांढरी टोपी, डोळाले भिंग. येतस ना सोमवारले. मी दोनदा सांगं, जाळी पुढून साफ शे पण मधली फट भरेल शे, उघडी टाकूत. ते म्हणेत, 'नको, तथं हात लावू नको.'"

मयूरी मला बाजूला घेऊन म्हणाली, "हा दुसऱ्या कोणाची गाडी सांगतोय. बाबा म्हसावदला कशाला येतील? काम काढायला बोलतोय." मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहिलो, मिस्तरीच्या हातांवर नजर ठेवून. तो हसला. "बाबा बी असाच उभा ऱ्हायेत," म्हणाला. त्याने कंडेन्सरचे बोल्ट सोडले आणि तो पुढे कलता केला. मागच्या फटीत, जिथे दाजींचा ब्रश पोचत नव्हता, तिथे लोकरीच्या नमद्यासारखा जाड थर बसला होता. मिस्तरी तो खाली पाडणार एवढ्यात मयूरी ओरडली, "थांबा! पेपर द्या."

तिने पुढच्या कप्प्यातून भिंग काढलं, फणी काढली, आणि गॅरेजच्या जमिनीवर मांडी घालून बसली. फणीच्या दातांनी तिने थर सोडवायला घेतला. वर सुकून मनुक्यासारखी झालेली फुलं होती. "मोहाची," ती म्हणाली. "ह्या चैत्रातली." मग तिचा आवाज कोरडा झाला. "मोह डोंगरात सगळीकडे आहे. काही सिद्ध होत नाही." त्याखाली धूळ. त्याखाली सागाच्या पानांची नक्षी, एक नाही, पाच-सात तुकडे. त्याखाली पुन्हा मोह, काळा पडलेला, जुना. ती सोडवत राहिली. मग धुळीच्या थरातून एक बारीक कागद निघाला. पतंगाचा असतो तसला पातळ, जांभळा, एका बाजूने तिरका कापलेला. तो तिने भिंगाखाली धरला आणि तसाच धरून ठेवला.

"काय आहे?" मी विचारलं.

"पताका," ती म्हणाली. "जानेवारीत झेंडावंदनाला मी कापल्या. इथूनच घेतला कागद, म्हसावदहून. भगवा संपला होता म्हणून जांभळा घेतला, हेडमास्तर रागावले होते माझ्यावर. शाळेच्या ओट्यापासून वळणावरच्या मोहापर्यंत बांधल्या होत्या, मामा. दुसऱ्या कोणत्या शाळेत जांभळ्या पताका असणार?"

मिस्तरी पाना हातात धरून उभा होता. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "चालती गाडी समोरून खाते. हे सगळं वरून पडलंय. उभी होती गाडी. मोहाखाली उभी होती." तिने थरांवरून बोट फिरवलं. "आणि एकदा नाही. दोन चैत्र आहेत यात." मग एकदम तिला राग आला. "तिथून ओटा दिसतो, मामा! मी मुलांना घेऊन बाहेरच बसते. हाक मारली असती तर ऐकू आलं असतं मला." आणि मग, अगदी बापाच्या बोलीत, "आनि घर जाईसन जाळी पुसी टाकेत."

मिस्तरीने फट साफ केली, कंडेन्सर बसवला. तो खालचा पेपर झटकू लागला तेव्हा तिने त्याच्या हातून घेतला, चार घड्या घातल्या आणि मांडीवर ठेवला. पुढचा घाटभर तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. वळणावर मोहाचं झाड आलं. मी गाडी त्याच्याखालीच उभी केली. समोर शाळेचा ओटा होता, सुट्टीचा, रिकामा. तारेवर दोन-तीन जांभळे तुकडे अजून लटकत होते. मयूरी काचेतून बघत राहिली. "स्पष्ट दिसतं इथून," एवढंच म्हणाली, आणि उतरून घराकडे चालू लागली. दाजी इथे बसून किती वेळ बघत असतील, ते मला कळलं नाही. ते सांगणारा किडा अजून जन्माला यायचा आहे.

दिवस कलताना मी शहाद्याला पोचलो. ताई दारातच होती. जाळीवर डोंगरातली माती होती, दोन फुलपाखरं होती, एक हिरवा टोळ पाय पसरून चिकटला होता. पाट भिंतीशी होता, ब्रश त्याच्या जागी होता. मी ब्रश हातात घेतला आणि परत ठेवला. मग गाडी फिरवून तोंड उत्तरेला करून लावली. आम्ही कुठे जाऊन आलो, ते येणाऱ्याजाणाऱ्या कोणीही वाकून वाचावं.